मार्क्याची पेटी

आचऱ्याची हापूसची पेटी मोठी मानी. पातळ फळ्या, फटींतून डोकावणारा पेंढा आणि आडव्या फळीवर शाईने उठवलेला मार्का: बागायतदाराचे नाव, वाशीतल्या दलालाचा गाळा. आपला आंबा आधी पोचावा, आपलाच भाव वर राहावा, एवढीच तिची हौस. शेजारच्या बागेतली पेटी दिसली की फळ्या ताठ! संध्याकाळी गाडीत चढताना मात्र तिला हा ताठा गुंडाळून ठेवावा लागतो. खाली शेजाऱ्याची पेटी, वर मिठबावची, बाजूला देवगडची.

गाडीवाल्यांचेही तेच. एकमेकांची गिऱ्हाइके पळवतील, पेटीमागच्या भाड्यावरून भांडतील, पण हंगामाच्या सुरुवातीला माल थोडा असला की त्यांच्यातच फोन होतो, "माझी गाडी अर्धी रिकामी आसा, तुझो माल माझ्यात घाल." करणार काय? अर्धी गाडी कणकवलीवरून वाशीला न्यायची तरी ड्रायव्हर तोच, टोल तोच, डिझेलही फारसे वाचत नाही. आणि काढलेला आंबा कुणासाठी थांबत नाही.

समुद्रावरच्या बलाढ्य कंपन्याही याच वाटेने जातात. मर्स्क आणि एमएससी कट्टर प्रतिस्पर्धी. तरी २०१५ पासून दहा वर्षे 'टूएम' करारात त्यांचे कंटेनर एकमेकींच्या जहाजांवर चढत होते. जानेवारी २०२५ मध्ये तो करार संपला आणि फेब्रुवारीपासून मर्स्कने हापाग-लॉइडशी 'जेमिनी' जमवले. जहाजातली जागा सामाईक. गिऱ्हाईक ज्याचे त्याचे, दर ज्याचा त्याचा. आपल्या केंद्र सरकारनेही अशा करारांना वेळोवेळी स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मधून सूट दिली आहे, पण दर संगनमताने ठरवायचे नाहीत, या अटीवर.

ही अट मला आचऱ्यातही पाळलेली हवी आहे. गाडीतली जागा खुशाल वाटून घ्या, त्यात पेटीचे भाडे उतरले तर सगळ्यांचेच भले. पण भाडेही गाडीवाल्यांनी मिळून बांधले, तर पेटीला दुसरी गाडीच उरत नाही. मोहोरापासून केलेली फवारणी, रात्रीची राखण, माकडांशी झुंज, या सगळ्याचे मोल मग टपरीवरच्या चहात ठरते. बागायतदाराने हे मुळीच खपवून घेऊ नये.

पहाटे वाशीत गाडी लागते. हमाल मार्के वाचत पेट्या गाळ्यागाळ्यावर पोचवतात. रात्रभर एकमेकींवर रेललेल्या पेट्या फोडल्या जातात, भावासाठी रुमालाखाली बोटे दाबली जातात, आणि आचऱ्याची पेटी मिठबावच्या पेटीपेक्षा चढा भाव मागू लागते.