ज्योतीचे रुसवे

कांचेचे मणी घरीं बनवितां येतात असें सांगितलें कीं पुष्कळांस नवल वाटतें. मणी म्हटले म्हणजे फिरोजाबाद, किंवा त्याच बाजूचें पुर्दिलनगर, येथील भट्ट्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु कांचेची एक कांडी, मातीचा लेप दिलेली पोलादी सळई आणि प्रोपेन वायूवर चालणारा लहानसा बर्नर एवढ्या साहित्यावर पडवींतील मेजावरहि मणी होतो. एका हातांत सळई, दुसऱ्या हातांत कांडी. कांडीचें टोंक ज्योतींत धरलें कीं तें मधासारखें पातळ होतें, आणि फिरत्या सळईवर तें गुंडाळीत गेलें कीं मणी तयार. लेप असल्यामुळें तो पुढें सळईवरून अलगद सुटून येतो. गेलीं पांच वर्षें सुटीच्या दिवशीं या उद्योगांत माझा वेळ मोठ्या आनंदानें जातो. मण्यांच्या कलाकुसरीविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला येथें लिहावयाचें आहे तें ज्योतीविषयीं. कारण बिघडते ती ज्योत, आणि खापर फुटतें तें बिचाऱ्या कांचेच्या माथीं.

या बर्नरची रचना प्रयोगशाळेंतील बुन्सेनच्या दिव्यासारखीच आहे. तो दिवा १८५५ सालीं हायडेलबर्ग येथें बुन्सेन यांनीं प्रचारांत आणिला. वायु एका अत्यंत बारीक छिद्रांतून जोरानें सुटतो, आणि जातां जातां बाजूच्या भोंकांतून भोंवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो. कारागिरांच्या मोठ्या बर्नरांस ऑक्सिजनची वेगळी नळी असते. आमच्या लहान बर्नरास ती चैन नाहीं. भोंकांतून जी हवा मिळेल तीवरच त्याचा निर्वाह. म्हणून बिघाड शोधावयाचा तो प्रथम हवेच्या वाटेवर.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्री माझ्याकडे आल्या. यजमानांच्या दीर्घ आजारामुळें घरचा भार त्यांच्यावर पडला होता, आणि मण्यांच्या माळा विकून त्या थोरल्या मुलाच्या कॉलेजची फी भरीत असत. एका दुकानदारानें त्यांचे फिरोजी रंगाचे साठ मणी परत केले होते. "सर, कांड्या हलक्या निघाल्या हो. सगळ्या बदलायच्या म्हटल्या तर या सत्राची फी जाते," असें म्हणून त्यांनीं रुमालाची गांठ सोडली. मणी खरोखरच विद्रूप झाले होते. वर करड्या-तांबूस रंगाची साय, कोठें कोठें काजळीचे डाग. त्या सायींतील तांबूसपणा मला महत्त्वाचा वाटला. फिरोजी कांचेस रंग येतो तो तांब्यामुळें. ज्योतींत हवा कमी पडली कीं अर्धवट जळलेला वायु कांचेंतील तांब्याजवळचा ऑक्सिजन हिरावून घेतो, आणि पृष्ठभागावर हें तांबूस पुट चढतें. "ताई, कांड्या इतक्यांत घेऊं नका. आधीं बर्नर पाहूं," असें मीं म्हटलें.

त्यांच्या घरीं गेल्यावर बर्नर नुसता, कांच न धरतां, पेटविण्यास मीं सांगितलें. ही परीक्षा सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. ज्योतीचा पिवळेपणा दोन प्रकारचा असतो, आणि नवशिके नेहमीं येथेंच फसतात. मण्यांच्या कांचेंत सोडा असतो. ती तापली कीं सोडियममुळें ज्योत भडक पिवळी दिसते. हा बिघाड नव्हे. मिठाचा खडा ज्योतींत धरून पाहिलेल्या मुलांस हा रंग ठाऊकच आहे. १८६० च्या सुमारास बुन्सेन व किर्खोफ यांनीं अशाच रंगांच्या वर्णपटावरून मूलद्रव्यें ओळखण्याची विद्या उभी केली. मणी करणारे हा झगझगाट टाळण्यासाठीं डिडिमियमच्या भिंगांचा चष्मा लावितात. परंतु कांच बाजूला केल्यावरहि शेंडा पिवळा व लुळा राहिला, तर तो पिवळेपणा न जळलेल्या कार्बनचा समजावा. निरोगी ज्योतीच्या बुडाशीं निळा, रेखीव शंकु दिसतो, व तिचा आवाज एकसारखा घुमतो. ताईंची ज्योत फुरफुरत होती आणि तिचा शेंडा शेंदरी होता.

वायु बंद करून, बर्नर पुरता थंड झाल्यावर भोंकांत पाहिलें, तों एका कोळ्यानें आंत आपलें बिऱ्हाड थाटलेलें! जाळें तें केवढें, पण हवेची वाट अडवावयास पुरेसें होतें. मऊ कुंचल्यानें तें काढलें, सायकलच्या पंपानें वारा मारला, आणि ज्योत निळी झाली. वायूच्या बारीक छिद्रांत मात्र सुई किंवा तार खुपसूं नये. तो मोह पुष्कळांस होतो. छिद्र किंचित् जरी रुंदावलें तरी वायु अधिक व हवा कमी असें प्रमाण कायमचें बिघडतें; छिद्र तुंबलेंच असेल तर तो भाग नवा बसवावा. शिवाय ज्योत चांगली असली तरी रंगीत कांच निळ्या शंकूला चिकटवून धरूं नये, थोडी पुढें धरावी. शंकूच्या जवळ हवेचा तुटवडाच असतो.

ताईंची दुसरी तक्रार अशी कीं, अर्धा तास झाला म्हणजे ज्योत आपोआप बसते. सिलिंडरास हात लाविला, तो बर्फासारखा गार, अंगावर दंव जमलेलें. धाकटा मुलगा, जो अद्याप आमच्याच शाळेंत आहे, मोठ्या उत्साहानें म्हणाला, "सर, मी तो शेगडीजवळ सरकवतो, मग ज्योत लगेच वाढते!" हें ऐकून माझ्या काळजाचा ठोका चुकला. त्याला मीं जवळ बसवून घेतलें. सिलिंडरांत प्रोपेन द्रवरूपानें दाबाखालीं असतो. त्याचा उत्कलनबिंदु शून्याखालीं ४२ अंश. द्रवाचा वायु होतांना लागणारी उष्णता तो स्वतःतून व सिलिंडरांतूनच घेतो, जसें झिरपणारें पाणी माठाला गार करतें. गारवा वाढला कीं दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं ज्योत बसते. लहान सिलिंडर हा गारवा लवकर धरतो. "मग थांबल्यावर गॅस परत भरतो का, सर?" असें त्यानें विचारलें. गॅस भरत नाहीं, खोलींतील ऊब सिलिंडरांत परत शिरते. म्हणून काम थांबवावें, किंवा मोठा सिलिंडर घ्यावा. विस्तवाजवळ ठेविल्यास आंतील दाब किती चढेल याचा नेम नाहीं. सिलिंडर फुटला तर घरांतील माणसें वांचणें कठीण. तो आडवा करणेंहि वाईट, कारण मग वायूऐवजीं द्रवच बर्नरांत येतो. स्वयंपाकाचा सिलिंडर या कामास लावूं नये. त्यांत ब्यूटेनहि असतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतो, म्हणून थंडीच्या पहाटे त्याचा दाब आणखीच मंद होतो.

गळतीविषयीं थोडें सांगावयास हवें. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट जड आहे. तो वर न जातां जमिनीलगत सांचतो, तेव्हां नुसती उंचावरची खिडकी उघडून भागत नाहीं. दारहि उघडें हवें. सांधे तपासावयाचे ते साबणाच्या पाण्यानें. बुडबुडे आले कीं गळती. काडी ओढून पाहणारे लोक मीं ऐकले आहेत, त्यांच्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. आणि मुलांनीं हें काम वडील माणूस शेजारीं असल्यावांचून करूं नये.

मणी तडकणें हा मात्र बहुधा ज्योतीचा दोष नसतो. मणी एकदम गार झाला कीं बाहेरचा थर आधीं आकसतो, आंतला मागून, आणि या ओढाताणींत तो फुटतो. विजेच्या लहान भट्टींत, सुमारें ५०० अंशांवर कांहीं वेळ ठेवून तो हळूहळू निववावा. भट्टी नसेल तर तापविलेल्या व्हर्मिक्युलाइटच्या भुशांत पुरावा. तेवढ्यानें निदान त्या वेळेपुरता तरी तो वांचतो.

ताईंनीं त्याच कांड्यांचे साठ मणी चार संध्याकाळीं पुन्हां केले, आणि त्याच दुकानदारानें ते घेतले. आतां काम संपून बर्नर निवला कीं त्या त्यावर कापडाची लहान पिशवी चढवितात. धाकटे चिरंजीव दर रविवारीं भिंग घेऊन भोंकें तपासतात. परवां त्यांनीं दुसरा कोळी काडेपेटींत घालून मला दाखविण्यास शाळेंत आणिला होता.