चुकायची सोय

मागच्या वर्षी एका रात्री मीरा रोडच्या आमच्या घरी अब्बांचा श्वास अडकला. चौथा मजला, लिफ्ट बंद. प्रथमोपचाराचा कोर्स मी केलेला. प्रमाणपत्र कपाटात होते. पण त्या घडीला 108 हा नंबरसुद्धा आठवेना. शेवटी शेजारच्या मुलाने फोन लावला. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा बरे झाले. माझे गोठलेले हात मात्र मी विसरले नाही.

परवा एक जुनी विद्यार्थिनी वडिलांबरोबर घरी आली. अकरावी सायन्सला आहे. तिला मिलिटरी नर्सिंगमध्ये जायचे आहे. वडील वैतागले होते. “मॅडम, हिला समजवा. डोळ्यांवर तो व्हीआरचा डबा लावून विमानातले जखमी सांभाळायचे व्हिडिओ बघत बसते. हा खेळ की अभ्यास?”

मी तिलाच समजावून सांगायला सांगितले. जखमी जवानांना विमानातून हलवणाऱ्या पथकांसाठी अमेरिकेसह काही देशांत हे प्रशिक्षण सुरू झाले आहे. डोळ्यांसमोर विमानाचे पोट उभे राहते : एकावर एक स्ट्रेचर, मंद उजेड, इंजिनाचा गोंगाट. स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही. छातीची हालचाल आणि मॉनिटर बघूनच ओळखायचे. उंचावर हवेचा दाब कमी होतो. केबिनमध्ये 8000 फुटांवरच्या इतका दाब असला, तर शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. फुफ्फुसाभोवती हवा साचलेला जखमी जमिनीवर बोलत असतो, आकाशात गुदमरतो. म्हणून छातीत नळी घालायची की नाही, हे उड्डाणाआधीच ठरवावे लागते.

“आणि नर्स विसरली तर?” वडिलांनी विचारले.

“पडद्यावरचा पेशंट दगावतो, अंकल. मग पुन्हा पहिल्यापासून करायचे.”

मला माझी ती रात्र आठवली. मला चुकायला जागाच मिळाली नव्हती. पहिला सराव थेट अब्बांवरच. स्ट्रेचरचे वजन किंवा नाडीचा ठोका व्हीआर देत नाही, त्यासाठी पुतळ्यांवर आणि खऱ्या विमानात सराव हवाच. पण खरे विमान रोज मिळत नाही, आणि संकट मागवून आणता येत नाही.

वडिलांना म्हटले, “भाईजान, खंदकच्या लढाईत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींची सेवा होत होती. ही वाट आपल्याला नवी नाही. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात मुलींसाठी 4 वर्षांचे बीएस्सी नर्सिंग आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे आणि नीटही द्यावी लागते.”

ते बराच वेळ गप्प होते. उठताना म्हणाले, “कुलाबा म्हणजे चर्चगेटला उतरायचे ना?”

आता दर शनिवारी माझ्या वर्गात एक मुलगा खोटाच पडतो. एकाने 108 लावायचा, एकाने वाट मोकळी करायची, एकाने गेटवर थांबायचे. पहिल्या शनिवारी सगळे हसले. तिसऱ्या शनिवारी कोणी हसले नाही.