फोटोखालची ओळ

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "पाणी किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. १९२९ सालचा हा पूल मी पुरात किती वेळा टिपला, याची मोजदाद नाही. वर्तमानपत्रांनी त्यातले घेतले ते बहुतेक फोटो देखणे नव्हते. पुलावरचे फुटांचे आकडे त्यांत स्वच्छ वाचता येत होते आणि पाकिटावर मी तारीख, वार, वेळ लिहिली होती, एवढंच. मावळतीला सोनेरी झालेलं पात्र माझ्या घरी भिंतीवर आहे. दत्तनगरातल्या किंवा सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला त्याचा काय उपयोग? सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हे त्याला ठरवायचं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे मला पुन्हा नीट कळलं.

मी कुठल्याच वर्तमानपत्राच्या नोकरीत नव्हतो. स्टुडिओ, लग्नसराई, आणि मधल्या वेळात बातमीचे फोटो. रोलच्या दिवसांत दुपारपर्यंत कार्यक्रम उरकून डार्करूममध्ये शिरायचं, ओल्या प्रिंट पंख्याखाली वाळवायच्या आणि पाकीट घेऊन एसटी स्टँड गाठायचा. कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं की एसटीडी बूथवरून कचेरीत फोन करून गाडीचा नंबर सांगायचा. तिथला माणूस स्टँडवर येऊन ते उतरवून घ्यायचा. त्या कंडक्टरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. महिनाअखेरीस छापून आलेल्या फोटोंची कात्रणं कागदावर चिकटवून बिल पाठवायचं. पैसे कमी आणि उशिरा यायचे, त्यावर अधिक काय लिहिणार!

फोटोइतकीच त्याखालची ओळही आपलीच जबाबदारी आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका जत्रेच्या मैदानाने ते शिकवलं.

शेवटची इनामाची कुस्ती होती. हलगी कडाडत होती, उजेड उतरला होता, आणि रोलमध्ये तीनच फोटो उरले होते. मी आखाड्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो होतो. एक पैलवान दुसऱ्याच्या पाठीवर चढला. खालच्याचं तोंड लाल मातीत, मानेची शीर तटतटलेली, वरच्याचा हात त्याच्या कमरेखाली गेलेला. मी बटण दाबलं. दुसऱ्याच क्षणी खालच्याने अंग असं फिरवलं की वरचा पाठीवर आला आणि पंचांनी हात वर केला. तो क्षण मला सापडला नाही. पण आधीचा फोटो फार जोरदार होता. मी दोघांची नावं, गावं, तालीम पाकिटावर लिहिली आणि गाडी गाठली.

कोण जिंकलं, तेवढं लिहायचं राहिलं.

डेस्कवरच्या माणसाने जे दिसलं ते लिहिलं. वरचा विजयी, खालचा पराभूत. तीन कॉलमी फोटो, पहिल्या पानावर. सकाळी दहाला त्या पोराचे वस्ताद स्टुडिओत आले. त्यांच्या हातात घडी केलेला अंक होता. आवाज न चढवता ते म्हणाले, "पोरानं वर्षभर मेहनत केली. गावात आता काय सांगायचं त्यानं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी खुलासा आला, आतल्या पानावर, एका कॉलमात चार ओळी. फोटो ज्यांनी पाहिला, त्या सगळ्यांनी खुलासा थोडाच वाचला असेल?

फोटो खोटा नव्हता. तसं घडलंच होतं. पण जे घडलं त्याचा तो अर्धा भाग होता आणि उरलेला अर्धा ओळीत यायला हवा होता. तेव्हापासून खिशात वही असते. डावीकडून नावं, गाव, काय चाललंय, आणि त्यानंतर काय झालं. नावातला ऱ्हस्व-दीर्घही मी त्या माणसालाच विचारतो.

आता पाकीट नाही, एसटी नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर जातो आणि पहिल्या पाच मिनिटांत पन्नास ग्रुपांवर फिरतो. ओळी गळून पडतात, फोटो तेवढा पुढे जातो. महापुरातला माझा एक फोटो दुसऱ्या जिल्ह्यातल्या पुराचा म्हणून छापलेला मी पाहिला. खाली ना गाव खरं, ना माझं नाव. मला पैशांपेक्षा गाव चुकल्याचं जास्त लागलं.

नव्याने या कामात येणाऱ्या पोरांना कायदा ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा असतो. पण तुम्ही नोकरीत नसाल आणि आपणहून पुलावर जाऊन फोटो काढला असेल, तर तो तुमचा. वर्तमानपत्राने एकदा छापला म्हणून मालकी त्यांच्याकडे जात नाही. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि तो दिल्यावरही फोटो आपला आहे असं सांगण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

संपादक मंडळींना माझी एकच विनंती आहे. ग्रुपवरून आलेला फोटो पानात लावण्याआधी एक फोन करा. तो कुणी काढला, कुठे काढला, त्यात कोण आहे, एवढं विचारा. मग खाली 'छाया' लिहून त्यापुढे नाव घाला.