ओपेथचे दोन आवाज

ओपेथ या स्वीडिश बँडच्या गाण्यांत एकाच गळ्यातून दोन आवाज निघतात. एक स्वच्छ, हळवा, खाली मान घालून गाणाऱ्या माणसाचा वाटावा असा. दुसरा खोल घशातून येणारा, गुरगुरणारा. त्यात सूर सापडत नाही आणि सुरुवातीला शब्दही सापडत नाहीत. दोन्ही आवाज मिकाएल ओकरफेल्ट या गिटारवादक गायकाचे आहेत. प्रोग्रेसिव्ह मेटल आवडीने ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना या बँडचे वादन पहिल्याच ऐकण्यात भावले आणि गायन मात्र सोसवले नाही. गिटार सुंदर, ड्रम सुंदर, पण हा माणूस असा ओरडतो का, हा त्यांचा ठरलेला अभिप्राय. पुढे काही वर्षांनी त्यांच्यापैकीच अनेकजण नेमक्या त्या आवाजाची वाट पाहत गाणे ऐकू लागतात. हा बदल नुसत्या सवयीने घडत नाही. त्याची कारणे ओपेथच्या संगीताच्या बांधणीतच आहेत.

बँडची सुरुवात 1990च्या सुमारास स्टॉकहोममध्ये झाली. नाव विल्बर स्मिथच्या ‘द सनबर्ड’ या कादंबरीतल्या एका काल्पनिक नगरीवरून घेतले. पहिला गायक डेव्हिड इस्बर्ग बाहेर पडल्यावर ओकरफेल्टने गाण्याची जबाबदारी उचलली. त्या काळी स्टॉकहोमची तरुण मुले डेथ मेटलने झपाटलेली होती. एंटूम्ड या बँडचा ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम 1990चाच. अमेरिकेत पझेस्ड आणि डेथ या बँडनी 1980च्या दशकाच्या मध्यात रुजवलेला ग्राउल, म्हणजे हा गुरगुरता आवाज, स्वीडनमधल्या या पिढीची बोलीच झाला होता. ओकरफेल्टचा जन्म 1974चा, त्यामुळे हा ग्राउल त्याच्याही तोंडी आपोआप आला. पण त्याच्या घरी मॉर्बिड एंजल या डेथ मेटल बँडच्या रेकॉर्डशेजारी कॅमलसारख्या 1970च्या दशकातल्या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडच्या रेकॉर्डही होत्या, आणि त्याला दोन्हींतले काहीच सोडायचे नव्हते. पहिला अल्बम ‘ऑर्किड’ 1995 साली आला, ‘मॉर्निंगराइज’ 1996 साली. दुसऱ्या अल्बममध्ये पाचच गाणी आहेत आणि त्यातले एक वीस मिनिटांचे. आघात आणि अकूस्टिक गिटार, ग्राउल आणि गाणे, हे सगळे एकाच रचनेत नांदू शकते असा त्या विशीतल्या मुलांचा विश्वास होता.

नव्या श्रोत्याला हा आवाज नकोसा का होतो, याला शरीराचे कारण आहे. नेहमीच्या गाण्यात स्वरतंतू ठरावीक गतीने कंप पावतात आणि त्यातून निश्चित सूर मिळतो. ग्राउलमध्ये स्वरतंतूंच्या वरचे, खोटे स्वरतंतू म्हणून ओळखले जाणारे पडदे आणि आजूबाजूच्या ऊतीही हलू लागतात. हे कंपन अनियमित असते, त्यामुळे सूर विस्कटतो आणि आवाजाला खरखरीत पोत येतो. तुवा प्रांतातल्या कार्गिरा गायनातही हेच खोटे स्वरतंतू वापरले जातात, पण तिथे त्यांचे कंपन नियमित असते, म्हणून खर्जाचा एक स्थिर सूर ऐकू येतो. ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की किंकाळीतला असाच खरखरीतपणा मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या केंद्राला जागे करतो. बोलण्यात किंवा गाण्यात तो सहसा नसतो. तेव्हा ग्राउल ऐकून मन मागे सरते, यात श्रोत्याच्या अभिरुचीचा दोष नाही. कान आपले काम चोख करत असतो.

मराठी श्रोत्याच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट मिसळते. अभंग, नाट्यगीते आणि भावगीते कानावर घेत वाढलेल्या माणसाच्या मनात गाणे म्हणजे सूर आणि शब्द ही गाठ पक्की बसलेली असते. आवाज जाड असो, पिचका असो, वय झालेला असो, तो सुरात लागला की त्याला सगळे माफ असते. ज्या आवाजाने सूरच बाजूला ठेवला आहे त्याला कुठे बसवावे, हे या कानाला कळत नाही. त्याला तो गाण्यातला अडथळा वाटतो आणि वाद्ये ऐकायची म्हणून तो सहन केला जातो. ओपेथ ऐकण्याची पहिली काही वर्षे पुष्कळांची अशीच जातात. मित्राने दिलेल्या सीडीवरून किंवा वसतिगृहाच्या खोलीतल्या संगणकावरून निवडक शांत भाग ऐकायचे आणि ग्राउल सुरू झाला की गाणे पुढे ढकलायचे.

अशा श्रोत्यासाठी दार उघडले ते ‘डॅम्नेशन’ने. ओकरफेल्टने 2002 साली दोन अल्बम एकाच वेळी करायला घेतले, एक अतिशय जड आणि एक संपूर्ण शांत. जड तो ‘डिलिव्हरन्स’, त्याच वर्षी आला. ‘डॅम्नेशन’ 2003 साली आला आणि त्यात ग्राउल एकदाही नाही. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन निर्मितीत सोबत होता. मेलोट्रॉन या जुन्या वाद्याचा धुकट आवाज, मोजके ड्रम, आणि त्यावर ओकरफेल्टचा स्वच्छ गळा. ‘विंडोपेन’ हे त्यातले पहिले गाणे ऐकल्यावर कुणीही मान्य करावे की हा गायक गाऊ शकतो, आणि फार चांगले गाऊ शकतो. हे कळणे महत्त्वाचे ठरते. ज्याला गाता येत नाही तो ओरडतो, ही समजूत इथे संपते. इतका सुरेल गळा असलेला माणूस ग्राउल निवडतो, तर त्याला त्यातून काही सांगायचे असणार, असे श्रोत्याच्या मनात येते आणि तो जड अल्बमकडे वेगळ्या कानाने परततो.

परतताना बहुतेकजण ‘ब्लॅकवॉटर पार्क’पाशी थांबतात. हा अल्बम 2001चा, यातही विल्सन होता, आणि बँडचे जगभर नाव झाले ते यामुळे. त्यातले ‘द ड्रेपरी फॉल्स’ हे सुमारे अकरा मिनिटांचे गाणे दोन आवाजांचे नाते समजायला सर्वांत चांगले. अकूस्टिक गिटारवर ते संथपणे उभे राहते, वर एक लांब, रडवी गिटारधून येते, आणि स्वच्छ आवाज जणू स्वतःशीच बोलत असल्यासारखा गातो. निम्मे गाणे असेच जाते. मग ग्राउल येतो. वाद्यांनी त्याची चाहूल आधीच दिलेली असते, गिटारचे परत परत येणारे तुकडे, म्हणजे रिफ, आवळत आलेले असतात, तरी तो आवाज आला की सगळ्या रचनेचा रंग बदलतो. पुढची काही मिनिटे तिरपी, बेचैन आहेत. आणि मग सुरुवातीची धून परत येते, तोच स्वच्छ आवाज परत येतो. सूर तेच असतात, पण ऐकणाऱ्याला ते आता दमलेल्या माणसाचे वाटतात. मधला ग्राउल कापून टाकला तर शेवटचा भाग म्हणजे सुरुवातीची नुसती पुनरावृत्ती होईल. त्या हळव्या सुरांना वजन आले आहे ते गुरगुरण्यामुळे.

हे एकदा कानात बसले की बाकीचे अल्बम उलगडत जातात. ‘स्टिल लाइफ’ या 1999च्या अल्बममध्ये एक कथा आहे. श्रद्धेच्या कारणावरून गावाने हाकललेला माणूस बऱ्याच वर्षांनी मेलिंडा या प्रेयसीसाठी परत येतो, आणि शेवट दोघांच्या मृत्यूत होतो. गावाबद्दलचा त्याचा संताप ग्राउलमधून येतो. ‘फेस ऑफ मेलिंडा’ या गाण्यात मात्र आवाज स्वच्छ आणि कमालीचा मृदू आहे. एकच पात्र दोन आवाजांत बोलते आणि दोन्ही खरे वाटतात. ‘घोस्ट रेव्हरीज’ या अल्बममधले ‘घोस्ट ऑफ पर्डिशन’ तर दोन आवाजांची अदलाबदल इतकी जवळजवळ आणते की श्रोता त्यांना वेगळे मोजायचेच सोडून देतो. ग्राउलमध्ये सूर नसला तरी अक्षरांतले स्वर आहेत, ओठांच्या ठेवणीने बदलणारे रंग आहेत, श्वास आहे, आणि तालाशी अचूक बांधलेले उच्चार आहेत. ओकरफेल्टचा ग्राउल या प्रकारात सर्वोत्तमांपैकी मानला जातो तो या स्पष्टपणामुळे. पाच-सहा वेळा ऐकल्यावर शब्द ऐकू येऊ लागतात, आणि ते येऊ लागले की भीती जाते.

घरातल्या इतरांची भीती मात्र जात नाही. दार बंद करून असले काही ऐकणाऱ्या मुलाच्या मनात राग साचला आहे की काय, ही आईवडिलांची काळजी जगभर सारखीच असते. तिच्याबद्दल सांगण्यासारखा पुरावा आता आहे. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली हिंसक आशयाच्या डेथ मेटलच्या चाहत्यांची चाचणी घेतली. त्यासाठी वापरलेले एक गाणे ब्लडबाथ या स्वीडिश बँडचे होते, ज्या बँडमध्ये ओकरफेल्टनेही काही काळ गायन केले. हिंसक चित्रे समोर आल्यावर चाहत्यांचे मन इतरांइतकेच त्यांच्याकडे वेधले गेले. असे संगीत ऐकून त्यांची संवेदना बोथट झालेली नव्हती.

वसतिगृह सोडून तिशीत आलेल्या, नोकरीच्या धकाधकीत हेडफोनवर ओपेथ ऐकणाऱ्या या श्रोत्याला खरा धक्का बसला तो 2011 साली. ‘हेरिटेज’ आला आणि त्यात ग्राउल नव्हता. ‘डॅम्नेशन’ हा ठरवून केलेला वेगळा प्रयोग होता, इथे मात्र बँडची दिशाच बदलली होती. ‘पेल कम्युनियन’, ‘सॉर्सरेस’ आणि स्वीडिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघालेला ‘इन कॉदा व्हेनेनम’, असे पुढचे तिन्ही अल्बम स्वच्छ आवाजातच झाले. मंचावर जुन्या गाण्यांतून ग्राउल भेटत राहिला. ओपेथ 2009 साली चेन्नईत आयआयटी मद्रासच्या ‘सारंग’ महोत्सवात आला होता. 2019च्या अखेरीस तो पुण्याच्या एनएच7 वीकेंडरमध्ये आला, तोवर नव्या अल्बममधून हा आवाज जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्या काळातले संगीत कसदार आहे. ‘इन कॉदा व्हेनेनम’ तर बँडच्या उत्तम कामांत बसतो. तरीही एकेकाळी ज्यांनी या आवाजामुळे गाणी अर्धवट सोडली, त्यांनाच आता त्याची उणीव भासू लागली. स्वच्छ आवाज सुंदरच होता, पण त्याला समोरून उत्तर देणारे कोणी उरले नव्हते.

नोव्हेंबर 2024मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घराण्याच्या कर्त्या पुरुषाचे मृत्युपत्र वाचले जाते, अशी त्याची कथा आहे. जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसनची बासरी आणि निवेदन त्यात आहे, आणि ‘वॉटरशेड’ या अल्बमनंतर सोळा वर्षांनी ग्राउलही आहे. आता तो सतत येत नाही. मृत्युपत्राच्या कलमांमधून, नेमक्या जागी, धारदारपणे येतो. शेवटचे गाणे पूर्ण स्वच्छ आवाजात आहे आणि ते इतके शांत वाटते ते आधीच्या सात गाण्यांमुळे.

ओपेथ नव्याने ऐकणाऱ्याने ‘डॅम्नेशन’पासून सुरुवात करावी. मग ‘ब्लॅकवॉटर पार्क’ घ्यावा आणि ‘द ड्रेपरी फॉल्स’ मधला भाग न गाळता, पूर्ण ऐकावे. त्यानंतर ‘स्टिल लाइफ’, शब्द समोर ठेवून. ग्राउल आवडला नाही तरी तो पुढे ढकलू नये. निदान हे तीन अल्बम होईपर्यंत तरी नाही.