पंधरा दिवसांची रजा

आजारी पडायला माणसाला वेळ लागत नाही. पण ठरवून आजारी पडायचे म्हटले, की भिंतीवरचे कॅलेंडर, शाळेचे वेळापत्रक आणि घरातल्या सर्वांचे चेहरे एकदमच पाहावे लागतात. हे ज्ञान मला अगदी अलीकडे झाले.

मी किल्लारीत एका शाळेत गणित शिकवतो. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ दिसू लागली. खोकले की ती बाहेर येई, निजले की आत जाई. लातूरच्या डॉक्टरांनी पाहताक्षणीच सांगितले, "हर्निया. पोटाच्या भिंतीत एक जागा कमकुवत झाली आहे, तिथून आतडे डोकावते. औषधाने हे भोक बुजत नाही. शस्त्रक्रिया करून जाळी बसवू. किरकोळ आहे."

'किरकोळ' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी फार शोभतो. टेबलावर निजणाऱ्याला तो तितकासा पटत नाही. मी भीतभीतच विचारले, "घाई आहे का?"

"घाई नाही, पण लांबवूही नका. आतडे त्या भोकात अडकले आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर मग तारीख तुम्ही ठरवायची नाही, आतडे ठरवील."

घरी आलो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गणिताचा मास्तर तो! दोन दिवस दवाखाना, आठ-दहा दिवस घर, दोन-तीन दिवस हाताशी राखून ठेवायचे, एकूण पंधरा. आमच्या हिशेबी वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. डॉक्टरांचा दाखला जोडला तर ती पूर्ण पगारी करून मिळते. मात्र एका दिवसापायी खात्यातले दोन दिवस जातात. म्हणजे पंधराला तीस. इतकी वर्षे न पडलेल्या आजाराची शिल्लक माझ्याकडे भरपूर होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "दिवाळीच्या सुटीत उरकून घ्या की! रजाही वाचेल, मुलांचे नुकसानही नाही." मला ते पटले. घरी बोललो तर पत्नीने झाडू बाजूला ठेवला आणि म्हणाली, "अहो, साफसफाई मी करायची, चकल्या मी तळायच्या, पाहुण्यांचे चहा मी करायचे आणि तुमचे पथ्यही मीच सांभाळायचे? सुटी तुमच्या शाळेला असते, माझ्या चुलीला नाही." दिवाळी गेली. मे महिन्यात आमच्याकडचे ऊन आणि लग्नसराई. उघड्या अंगाने निजणाऱ्यालाही जिथे चैन पडत नाही, तिथे टाके घालून कोण निजणार? जूनमध्ये शाळा उघडतात. पुढे गणपती. मग सहामाही परीक्षा. पुन्हा दिवाळी. असे एक वर्ष गेले आणि लिंबाचे मोसंबे झाले.

वाचकहो, ही सारी कारणे खरी होती. आणि तरीही खरे कारण यांतले एकही नव्हते.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, की पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. मी विचारले होते, "पाय किती वेळ चालणार नाहीत?" ते म्हणाले, "चार-सहा तास. लघवीची काळजी करू नका, सोय असते." मी हसून मान डोलावली. माझी काळजी निराळीच होती. जमीन हलली तर मी उठून पळणार कसा?

तुम्ही पुण्या-मुंबईला राहत असाल तर हा प्रश्न तुम्हांला खुळचट वाटेल. किल्लारीत तो कोणालाही खुळचट वाटत नाही. १९९३ च्या अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचे माळवद, अशी आमची घरे. उन्हाळ्यात ती गार राहत म्हणून आम्हांला त्यांचा अभिमान होता. ती माती निजलेल्यांच्या अंगावर आली. त्या पहाटे ५२ गावे भुईसपाट झाली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. विसर्जनाहून आल्यावर आळसाने बाहेरच मांडवात आडवा झालो होतो, म्हणून वाचलो. वडील आणि धाकटी बहीण आत होती. मायला दुपारी बाहेर काढले. मांडीचे हाड मोडलेले होते.

पुढे गावाची वस्ती दुसऱ्या जागी हलली. रुंद रस्ते आले. जमिनीच्या मानाने कोणाला अडीचशे, कोणाला साडेचारशे, कोणाला साडेसातशे चौरस फुटांचे पक्के घर मिळाले. आम्हांलाही मिळाले. पण मायने त्या घरात एकही रात्र काढली नाही. तिने शेजारी पत्र्याचे शेड उभारून घेतले आणि तिथे बाज टाकली. "पत्रा पडला तर खोक पडंल, माणूस मरनार न्हाई," हे तिचे शास्त्र. मी शिकला-सवरलेला. मी स्लॅबखाली निजतो; पण दाराकडे पाय करून, आणि चपला हाताशी ठेवून. पहाटे चारच्या सुमारास जाग येते ती येतेच.

एके रात्री गाठ दुखू लागली आणि आत जाईना. तासाभराने गेली, पण तो तास फार मोठा होता. सकाळी मायच्या बाजेवर जाऊन बसलो आणि मनातले सांगून टाकले. मला वाटले होते, ती म्हणेल, नकोच करू. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या पायाला सहा हप्ते वजन टांगलं होतं. रोज कुनी तरी वरडायचं, हालली, हालली! मी कुठं पळनार हुते? शेजारच्या खाटंवर एक बाई होती. ती माझा हात धरायची. तिलाबी पळता येत नव्हतं."

मग माझ्या हातातला कागद पाहून ती म्हणाली, "ह्यात समदं लिवलंस. उशाशी कोन बसनार, ते लिवलं न्हाईस."

संक्रांतीनंतरची तारीख ठरली. खोली दुसऱ्या मजल्यावर मिळाली. पत्नीची तयारी झाली होती. पण माय लुगड्याचा पदर खोचून आधीच गाडीत बसली होती. १९९३ नंतर रात्री स्लॅबखाली न निजलेली ती बाई, दुखऱ्या पायाने जिना चढून आली, एकदा छताकडे पाहिले, आणि माझ्या खाटेशी बसली.

शस्त्रक्रिया तासाभरात झाली. त्यानंतरचे काही तास पाय माझे असूनही परक्या घरी ठेवल्यासारखे वाटत होते. मी हलवू पाही, ते ऐकत नसत. मायने माझा हात धरला होता आणि ती ज्वारीच्या भावाबद्दल बोलत होती. दिवेलागणीला उजव्या पायाचा अंगठा हलला. मी तिला सांगितले. ती म्हणाली, "हालू दे," आणि भावाचे बोलणे पुढे चालू केले. त्या रात्री ती सतरंजीवर आडवी झाली आणि चक्क घोरू लागली. पहाटे चारला मला जाग आली तेव्हाही ती घोरतच होती. मी तिला उठवले नाही.

पूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले, की फार निजण्यानेच पायांत रक्ताच्या गाठी होतात. लवकर उठणारा लवकर बरा होतो. मलाही दुसऱ्या दिवशी सकाळीच चालायला लावले. मात्र सहा आठवडे घागर, पोते, गॅसची टाकी उचलायची नाही, आणि दुचाकी डॉक्टर सांगतील तेव्हाच. चालायचे पण उचलायचे नाही, हे जमणे सोपे नाही. आठव्या दिवशी मी भरलेली बादली उचलायला वाकलो, तर पत्नीने ती माझ्या हातातून काढून घेतली. त्या पंधरा दिवसांत तिने किती बादल्या उचलल्या, याचा हिशेब माझ्या कागदावर नव्हता. तेव्हा तुम्ही अशी रजा ठरवाल, तेव्हा आपले दिवस मोजाच. पण आपली कामे कोणाच्या हाती जाणार तेही त्यांना आधी विचारून लिहा.

आमच्या रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातील पत्ता' असा एक रकाना असतो. मी तिथे घरचा पत्ता लिहिला होता. प्रत्यक्षात त्यांतले पहिले आठ दिवस मी शेजारच्या पत्र्याखाली, मायच्या बाजेला बाज लावून काढले. थंडी मात्र फार होती. अर्जात दुरुस्ती केली नाही. मुख्याध्यापकांनीही विचारले नाही.