अण्णांच्या कॅसेट आणि वीस हजारांची मर्यादा



यंदा दशलक्षण पर्वाच्या आधी घरात एक नवीन वस्तू आली. मिक्सर नाही, कपाट नाही, चक्क गाणी ऐकायची सिस्टीम! हॉलमध्ये दोन लाकडी खोकी आणि मध्ये काळा डबा बघून आल्यागेल्या प्रत्येकीने विचारलं, "काय गं, डीजे लावणार आहेस का?" दहा जणींना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. ज्यांच्या घरात ऐकू कमी येणारं वडीलधारं माणूस आहे, त्यांना यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

सुरुवात झाली एका पत्र्याच्या पेटीपासून. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, जाऊन चार वर्षं झाली. जयसिंगपूरचं घर आवरताना त्या पेटीत सात कॅसेट निघाल्या. दोन विकतच्या, सिनेमाच्या गाण्यांच्या. बाकी पाचांवर अण्णांच्या मास्तरी अक्षरात 'भक्तामर' आणि खाली बाजू एक, बाजू दोन. अण्णा रोज पहाटे पुस्तक न उघडता अठ्ठेचाळीस श्लोक म्हणायचे, आणि कधीतरी हौसेनं त्यांनी ते भरून ठेवलेलं. सासूबाईंनी त्या कॅसेट बदलापूरला येताना सामानात ठेवू दिल्या नाहीत. गाडीत सगळा वेळ पिशवी मांडीवर.

आता कॅसेट आहेत, पण वाजवायच्या कशावर? जो तो म्हणे, "फोनमध्ये भरून घ्या, संपलं." पण आमच्या आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणते) फोनवरचं काही कळतच नाही. कुठलंही पठण लावून दिलं की कानाशी धरतात, "हे काय किणकिणतंय?" म्हणतात आणि परत देतात.

याचं कारण मला कानाच्या डॉक्टरांकडे समजलं. त्यांनी तपासणीचा कागद दाखवला. डावीकडे जाड, खालचे स्वर, उजवीकडे बारीक, वरचे. आईंची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर आणि उजवीकडे जाता जाता घसरगुंडीसारखी खाली. वयानं कान जातो तो आधी बारीक आवाजांना जातो. स, श, त, फ ही अक्षरं त्या बारीक आवाजांवर उभी असतात, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." आपण त्यावर ओरडतो, ते चुकीचं. कानाचं मशीन घेतलंय. ते मंदिरात आणि लग्नाकार्यात कानात असतं, एरवी डबीत.

घरी आल्यावर लेकीनं दुसरी अर्धी गोष्ट सांगितली. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण १०० ते १५० हर्ट्झवर असतो, आणि फोनचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. म्हणजे आईंना जे ऐकू येतं ते फोन देत नाही, आणि फोन जे देतो ते आईंना ऐकू येत नाही! तेव्हा ठरलं, मोठा, खरा स्पीकर घ्यायचा.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवली, २०,०००. भिशीचे पैसे होते. परिग्रहाचं परिमाण आपल्याला पाठशाळेपासून पाठ असतं, पण आठवतं ते प्रवचनात, दुकानात नाही. म्हणून वहीत आकडा लिहिला आणि खाली ह्यांची सही घेतली. दुसरी अट, एक वस्तू आत आली की एक बाहेर. बाहेर जायची वस्तू तयारच होती. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेला, निळे दिवे लागणारा उंच टॉवर. खोक्यावर ५,००० वॅट पीएमपीओ असं छापलेलं, आणि लागला की भांड्यांच्या मांडणीतली ताटं थरथरायची, पण शब्द एक कळायचा नाही. यावेळी मी त्याच्या पाठीमागचं लेबल वाचलं. हा डबा वीज घेतो ४० वॅट. चाळीस वॅट खाऊन पाच हजार वॅट देणारं यंत्र असतं, तर विजेचं बिल भरायची गरजच काय! तेव्हा पीएमपीओ दिसलं की पुढे चला. खरा आकडा आरएमएस वॅटचा, आणि तोही घराला फार लागत नाही.

सिस्टीमचे तीन भाग असतात. आवाज जिथून येतो ते यंत्र (आमच्याकडे कॅसेट डेक), तो मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. कमी पैशात घ्यायचं तर निम्मे पैसे स्पीकरला द्यावेत, कारण आवाजात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

खरेदीला उल्हासनगरला गेलो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या कल्याण कॅम्पात जागा मिळाली, १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, आणि अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प पाच असंच म्हणतात. शून्यातून उभी राहिलेली माणसं, त्यामुळे तिथे बनत नाही अशी वस्तू नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असेंबल केलेले अ‍ॅम्प्लिफायर मिळतात, १,८०० रुपयांपासून. एका दुकानदारानं कौतुकानं झाकण उघडून दाखवलं. आत ४४४० नावाची चिप, जी मुळात गाडीतल्या टेपसाठी निघाली होती. स्वस्त आणि दणकट. मी नुसतं चालू करायला सांगितलं, गाणं न लावता. स्पीकरमधून घूंऽऽ असा बारीक गुणगुणाट येत होता. वरातीत तो कुणाला ऐकू येणार? पण दोन श्लोकांच्या मधल्या शांततेत तो आलाच असता. नको म्हटलं.

सगळे दुकानदार एकच गोष्ट ऐकवतात. "भाभी, बेस देखो बेस!" ढोल असलेलं गाणं लावतात आणि छातीत धडधडलं की माणूस भुलतो. मी घरून एक युक्ती करून नेली होती. लेकीला वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला लावून फोनवर भरून घेतला होता. जो आवाज रोज सकाळी "आई, माझा डबा?" म्हणून कानावर पडतो, तो कसा यायला हवा ते मला कुणी शिकवायला नको. पहिल्या जोडीत लेक माठात बसून बोलल्यासारखी, दुसरीत सर्दी झाल्यासारखी. चौथ्या जोडीत ती दुकानातच उभी होती. तीच घेतली. साधी, मागे कापडाची जाळी निघालेली, शोरूममध्ये ठेवलेली म्हणून १०,५०० ला. दुकानदार म्हणाला, "भाभी, इस में बेस कम है." असू दे.

अ‍ॅम्प्लिफायर छोटासा घेतला, ५,५०० चा, खऱ्या वीसेक वॅटचा. स्पीकरच्या कागदावर ८६ डेसिबल लिहिलेलं असतं, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. एका वॅटलाच आपण "कमी कर गं" म्हणू इतका तो असतो. पुढे दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. दहा बाय चौदाच्या हॉलला वीस म्हणजे डोक्यावरून पाणी. स्पीकरच्या मागे किती ओहम लिहिलंय तेवढं मात्र अ‍ॅम्प्लिफायरशी जुळवून घ्या. वायरीसाठी एकानं दोन हजार सांगितले. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड एमएमची तांब्याची वायर घेतली, ३०० रुपयांत भागलं. जुना कॅसेट डेक २,२०० ला मिळाला, "चालू है" या शब्दावर. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून चारची गाडी पकडली. लेडीज डब्यात खोकी मांडीवर, आणि शेजारणीचा प्रश्न, "ओव्हन का?"

घरी ह्यांनी वायरी जोडल्या आणि आवाज पोकळ, कुठूनच येत नसल्यासारखा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली गेली होती. असं झालं की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि जाड स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. ती सरळ केली. तरी आवाज घुमतच होता. लेकीनं खोलीच्या मधोमध टाळी वाजवली आणि तिचा टणत्कार ऐकवला. खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती मोकळ्या, आवाज नुसता आपटत फिरणार. त्यावर इलाज निघाला आईंच्या लुगड्यांच्या दोन गोधड्या. एक खाली अंथरली, एक समोरच्या दिवाणावर टाकली. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे घेतले आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतील असे लाकडी स्टुलांवर ठेवले. टाळी वाजवली, टाळीच ऐकू आली. या सुधारणेला एक पैसा लागला नाही, आणि फरक मात्र कुठल्याही डब्याहून जास्त पडला.

डेक अर्थातच 'चालू' नव्हता. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला. अंबरनाथला पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक काका अजून टेप दुरुस्त करतात. सत्तरीचे असतील. त्यांनी पट्टे बदलले, हेड पुसला, आणि अण्णांच्या एका कॅसेटमधली निसटलेली लोकरीची गादीही चिकटवून दिली. सगळ्याचे ७०० घेतले.

रविवारी सकाळी पहिली कॅसेट लावली. आधी खरखर, मग एक खाकरा, आणि अण्णा. हे उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आई जमिनीवर गोधडीवर बसल्या होत्या. ओठ हलत होते. पाच-सहा श्लोकांनंतर त्या थांबल्या.

"असा नव्हता गं त्यांचा आवाज. जाड लागतोय. आजारी माणसासारखा."

मला वाटलं, कान. मी म्हटलं, "आई, कॅसेट जुनी आहे ना." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लावू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे." तिसऱ्या दिवशीही राहू दे. एकोणीस हजार दोनशे रुपये खर्चून आणलेली वस्तू कोपऱ्यात, आणि मला रुपयांचं नाही, वेगळंच काहीतरी टोचत होतं. अण्णांचे शेवटचे सहा महिने अंथरुणात गेले होते. आईंना तेच ऐकू आलं असेल का?

लेकीनं मात्र आजीवर विश्वास ठेवला. विकतच्या कॅसेटमधलं एक गाणं डेकवर लावलं आणि तेच फोनवर, एकाच क्षणी. कडव्यागणिक डेक मागे पडत गेला. चार मिनिटांच्या गाण्यात फोन पंधरा सेकंद आधी संपला! डेक हळू फिरत होता, आणि टेप हळू फिरली की आवाज जाड होतो. आम्हा तिघांपैकी कुणालाही ते कळलं नव्हतं. ज्यांच्या कानाचा कागद घसरगुंडीसारखा आहे, त्यांना कळलं होतं.

आईंचे गुडघे दुखतात म्हणून अंबरनाथचे काकाच घरी आले, एक स्टेशन तर आहे. मोटरच्या मागे बारीक भोक असतं, आत वेगाचा स्क्रू. त्यांनी फोनचं गाणं लावून वेग तंतोतंत जुळवला आणि समाधानानं अण्णांची कॅसेट घातली. आई म्हणायला लागल्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांची ओळ संपायची आणि अण्णांची किंचित मागून यायची.

"अजून थोडं," आई म्हणाल्या.

काका म्हणाले, "आजी, आता बरोबर आहे, गाण्याशी जुळवलंय."

"गाणं जुळलं असेल. आम्ही दोघं जुळलो नाही. पन्नास वर्षं बरोबर म्हटलंय मी."

काका हसले, मग विचारात पडले. म्हणाले, अण्णांचा टेपरेकॉर्डर भरताना जरा जोरात धावत असणार, तसं असलं की बरोबर डेकवर तो आवाज हळूच येतो. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला. मग अजून केसभर. आई म्हणत राहिल्या. एका ठिकाणी दोन्ही आवाज एकत्र संपले, पुढच्या श्लोकाला एकत्र सुरू झाले, आणि आईंनी डोळे मिटून हातानंच काकांना 'बस' केलं.

आता आमच्या डेकवर सिनेमाची गाणी थोडी घाईत असल्यासारखी वाजतात. लेक कुरकुरते, पण ती गाणी फोनवरून लावते. काकांनी घरी यायचे पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना म्हणाले, स्क्रू हलायला नको, नेलपॉलिश आहे का? लेकीची गुलाबी बाटली आणून दिली. त्यांनी त्यावर एक थेंब टाकला आणि फुंकर घातली.