‘परफेक्ट’ आंबेडकरवादी कोण?

परफेक्ट हा शब्द आता इंग्रजांचा राहिलेला नाही. वरंधमध्ये गवंडी ओळंबा सोडून भिंत बघतो आणि ‘परफेक्ट’ म्हणतो. लग्न जुळवणारे ‘परफेक्ट स्थळ’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकदा ‘आपल्या जातीतलं’ एवढाच असतो. ते असो. आमचा आक्षेप आहे तो ‘परफेक्ट आंबेडकरवादी’ या नव्या बिरुदावर.

आमच्या भागातल्या एका पोराला जयंतीच्या कमिटीतून काढायची भाषा चालली आहे. का, तर त्याच्या आईने जुन्या देवांचे टाक अजून घरात ठेवलेत. हाच पोरगा वाडीवाडीवर फिरून शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो, जातीच्या दाखल्यांसाठी महाडला खेटे घालतो. पण तो परफेक्ट नाही म्हणे!

मित्रांनो, हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘शेवटास नेलेले, पुरे केलेले’. ‘निर्दोष’ हा अर्थ त्यातूनच पुढे वरचढ झाला. व्याकरणात मात्र जुना अर्थ टिकून आहे. प्रेझेंट परफेक्ट म्हणजे आपला पूर्ण वर्तमानकाळ : ‘आम्ही पाणी प्यालो आहोत.’ क्रिया झाली, तिचा परिणाम आज समोर उभा आहे. महाडच्या माणसाला हा काळ वेगळा शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्यानंतर १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेणारे कोण होते? निर्दोषपणाचा सोस त्यांना होता, आपल्याला नव्हता.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, पण कोर्टाचा मनाई हुकूम आला. पाणी न पिता तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. आजचे परीक्षक त्याला अर्धवट आंदोलन म्हणतील. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण, मंडपाला जागा देणारे फत्तेखान मुसलमान. दावा पुढे मुंबई हायकोर्टात गेला आणि मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षांनी काम पुरं झालं, म्हणजे खऱ्या अर्थाने परफेक्ट झालं.

मग बावीस प्रतिज्ञांचं काय, असं कोणी विचारेल. त्या पाळायच्याच. पण त्या ‘मी’ने सुरू होतात, हे विसरू नका, शेजाऱ्याच्या आईचं देवघर तपासायला त्या दिलेल्या नाहीत. बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ साली केली, दीक्षा घेतली १९५६ साली. एकवीस वर्षं! त्या माउलीला आपण किती दिवस दिले?

पोराचं नाव कमिटीत राहावं, असा ठराव आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मागे कुजबुजू नये, समोर येऊन बोलावं. जय भीम!